चाकणची मर्सिडीज कागदावर ‘इम्पोर्टेड’: पासिंगचे पाच हजार चाळीस हजार का होतात आणि त्यावर इलाज काय

हा फोन बहुतेक वेळा दुपारी, जेवणाच्या ताटावरच येतो. “मिस्त्री, पासिंगचे पाच हजार म्हणाला होतासा की. हितं चाळीस दाखवतंय.”

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. मोठ्या गाड्यांची कामं करता करता त्यांच्या कागदांचीही कामं गळ्यात पडली. गेल्या तीन-चार वर्षांत हा फोन इतक्यांदा आलाय की आता मी समोरच्याला वाक्य पुरं करू देत नाही. थेट विचारतो, गाडी कुठल्या कंपनीची आणि पहिलं पासिंग कुठलं? उत्तर ठरलेलं असतं. कंपनी जर्मन नाहीतर जपानी, पासिंग केए म्हणजे कर्नाटकचं नाहीतर गोव्याचं, आणि गाडी सेकंडहँड.

आधी आकडे सांगतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली की पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण करायचं, फोनवरचं ‘पासिंग’ ते हेच. १ एप्रिल २०२२ पासून कारला त्याची फी ५,००० रुपये आहे आणि आयात केलेल्या चारचाकीला ४०,०००. त्याआधी हाच फरक ६०० आणि ५,००० असा होता, म्हणून कुणाच्या डोळ्यावर आला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांची फी दुप्पट झाली. साध्या कारला १०,००० आणि आयात गाडीला ८०,०००. म्हणजे गाडी तीच, चाकं चारच, पण नोंदीत ‘इम्पोर्टेड’ या रकान्यात ‘हो’ आहे की ‘नाही’ यावर पस्तीस ते सत्तर हजारांचा फरक पडतो. खूप जुन्या गाडीची आज बाजारात एवढी किंमतसुद्धा येत नाही.

बरं, हा रकाना भरला कुणी? गाडी नवीन असताना, पहिल्या नोंदणीच्या वेळी, कुठल्यातरी टेबलावर. पुढे कागदी रजिस्टरातली माहिती संगणकात गेली, मग एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत. या प्रवासात बॉनेटवरचा तारा बघून कुणीतरी ‘परदेशी’ ठरवून टाकलेलं असतं. मालकाला पंधरा वर्षं त्याचा पत्ता नसतो, कारण आरसीच्या, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राच्या, स्मार्ट कार्डावर तो रकाना कुणी शोधत बसत नाही.

आयात म्हणजे नक्की काय

गल्लीत मर्सिडीज आली की आपण तिला फॉरेनची गाडी म्हणतो. बोलायला ठीक आहे. नोंदणीच्या भाषेत आयात गाडी म्हणजे परदेशात पूर्ण तयार होऊन, बंदरावर कस्टम भरून आलेली अख्खी गाडी. धंद्यात तिला सीबीयू म्हणतात. सुटे भाग पेट्यांतून आणून इथल्या कारखान्यात जोडलेली ती सीकेडी, आणि ती इथलीच गाडी. मर्सिडीज १९९५ पासून पुण्यात जोडली जाते, २००९ पासून चाकणच्या कारखान्यात. त्यामुळे चाकणहून निघालेली सी क्लास ही कोल्हापूरपासून चार-पाच तासांवर जन्मलेली गाडी आहे. तिला आयात म्हणणं म्हणजे इचलकरंजीच्या मागावर विणलेल्या कापडाला सुताच्या गावचं नाव देण्यासारखं आहे.

याच्या उलटही होतं आणि ते जास्त फसवं आहे. होंडाची सीआर-व्ही २००३ ला आपल्याकडे आली तेव्हापासून २०१२ पर्यंत अख्खी आयात होऊन यायची. इथं जोडणी २०१३ पासून सुरू झाली. लोकांना वाटतं, होंडा म्हणजे सिटीवाली, नोएडाची. एकानं माझ्याशी अर्धा तास वाद घातला की त्याची २००९ ची सीआर-व्ही देशी आहे, कारण तिच्यात सीएनजी किट बसतं. आता याला काय बोलणार.

तुमची गाडी कुठल्या बाजूची, हे आधी ठरवा

सगळ्यात सोपी परीक्षा फुकट आहे. परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकून नूतनीकरणाची सेवा उघडा. पैसे भरायच्या पायरीपर्यंत जा, रक्कम बघा आणि तिथंच थांबा. ५,००० च्या आसपास असेल, स्मार्ट कार्डाचे २०० वगैरे धरून, तर नोंद ‘इथली’. ४०,००० असेल तर नोंद ‘आयात’. मुदत उलटून गेली असेल तर कारला उशिराचे महिन्याला ५०० वेगळे लागतात. तेवढे वजा करून मग आकडा वाचा, नाहीतर उगाच घाबराल.

नूतनीकरणाची वेळ अजून आली नसेल तर जुन्या पावत्या काढा. गाडी आधी एकदा विकली गेली असेल तर नाव बदलल्याची पावती बघा. साध्या कारला मालकी हस्तांतरणाची फी ३०० असते, आयात गाडीला २,५००. पावतीवर २,५०० दिसले की समजायचं, तेव्हापासूनच ‘इम्पोर्टेड’ची टिक पडलेली आहे. केए पासिंगच्या गाडीला तिकडच्या आरटीओ ऑफिसातून ‘बी एक्स्ट्रॅक्ट’, म्हणजे नोंदीचा उतारा मिळतो, आपल्याकडे त्याला आरसी पर्टिक्युलर म्हणतात. गाडी विकत घ्यायच्या आधी तो मागा. विकणारा टाळाटाळ करायला लागला तर टोकनही देऊ नका.

ही झाली नोंदीची बाजू. आता लोखंड काय म्हणतं ते बघा. चेसिस नंबर सतरा खुणांचा असतो. पहिल्या तीन अक्षरांवरून बनवणारा कळतो. ‘एमए’पासून ‘एमई’पर्यंतची सुरुवात भारताची: एमए३ म्हणजे मारुती, एमएटी म्हणजे टाटा, एमएके म्हणजे होंडाचा इथला कारखाना, एमबीजे म्हणजे टोयोटा किर्लोस्कर. ‘जे’ जपान, ‘डब्ल्यू’ जर्मनी, ‘एसए’पासून ‘एसएम’पर्यंत इंग्लंड. ‘एम’ दिसला म्हणून लगेच भारत समजू नका, ‘एमएल’पासून ‘एमआर’पर्यंत थायलंड आहे आणि तिथून आलेल्या गाड्याही आपल्याकडे आहेत.

पण इथं एक खड्डा आहे आणि त्यात मी स्वतः पडलोय. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची असतात, जोडणीच्या जागेची असतीलच असं नाही. इथं जोडलेल्या गाडीवरही कंपनीची मूळ परदेशी अक्षरं असू शकतात. म्हणून ‘जे’ किंवा ‘डब्ल्यू’ दिसला की गाडी आयात, असा निकाल देऊन मोकळं होता येत नाही. खरा पुरावा कागदाचा: गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा फॉर्म २२, विक्रीचा फॉर्म २१ आणि कंपनीचं बिल. गाडी खरंच आयात असेल तर पहिल्या नोंदणीला कस्टम सोडवल्याचा दाखला लावावाच लागतो, तो मूळ फाइलमध्ये असणार. तो फाइलमध्ये नाही आणि फॉर्म २२ इथल्या कारखान्याचा आहे, म्हणजे टिक चुकीची आहे.

एका शेठची गोष्ट

शाहूपुरीत गुळाचा व्यापार करणारे एक शेठ. जून २०२५ मध्ये त्यांनी कर्नाटकातून २०१० ची सी क्लास घेतली. गाडी देखणी. पावसात कोगनोळीचा टोल ओलांडून थेट माझ्याकडे आणली, आणि पेढ्यांचा बॉक्स बॉनेटवर ठेवून म्हणाले, “मिस्त्री, दसऱ्याला नंबर झिरो नाइन पायजे.” म्हणजे एमएच ०९, कोल्हापूरचा.

पेढा तोंडात घालायच्या आधी मी पोर्टल उघडलं. पंधरा वर्षं पूर्ण होत आली होती. फी आली चाळीस हजार. चेसिस ‘डब्ल्यू’ने सुरू. माझ्याही मनात आलं की असेल आयात, भरून टाकू. शेठ तर म्हणालेच, “भरू की, त्यात काय!” पण पुढचा हिशेब फीपुरता नव्हता. परराज्यातली गाडी इथं आणली की महाराष्ट्राचा एकरकमी कर भरावा लागतो. इथल्या पेट्रोल गाडीचा दर किमतीनुसार ११ ते १३ टक्के, आयात गाडीचा २०. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कर उतरत जातो हे खरं, पण उतरंड कुठल्या मडक्यापासून मोजायची हे त्या टिकेवरच ठरतं. हे ऐकल्यावर शेठ खुर्चीत बसले.

ग्लोव्ह बॉक्समध्ये सर्व्हिस बुक होतं. त्याच्या पाठीमागच्या कप्प्यात घडी पडून पिवळा झालेला एक कागद मिळाला, फॉर्म २२ ची झेरॉक्स. खाली कंपनीचा पत्ता चाकण, तालुका खेड. त्या एका झेरॉक्सनं पुढचं सगळं काम झालं. म्हणून सांगतो, जुन्या गाडीचे ग्लोव्ह बॉक्समधले कागद कचरा म्हणून टाकू नका, अगदी बुरशी आली असली तरी.

आता चूक दुरुस्त कुठं करायची? इथं माणसं हटकून चुकतात. त्यांना वाटतं, गाडी कोल्हापुरात येणारच आहे तर इथंच दुरुस्त करून घेऊ. पण ती नोंद ज्या ऑफिसनं केली, मूळ फाइल ज्याच्याकडे आहे, त्यानंच ती बदलायची असते. आपल्या ऑफिसकडे मूळ फाइल नाही. ते कशाच्या आधारावर बदलणार? आणि एनओसी, म्हणजे गाडी दुसरीकडे न्यायला मूळ ऑफिसचा ना-हरकत दाखला, एकदा निघाली की तिकडच्या ऑफिसात त्या गाडीवर दुसरं काम होत नाही. मग एनओसी रद्द करा, दुरुस्ती करा, पुन्हा एनओसी घ्या. म्हणजे घाटातून अर्धी उतरलेली गाडी रिव्हर्सनं वर न्यायची.

क्रम असा ठेवा: आधी मूळ ऑफिसात दुरुस्ती, मग कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवणं, मग एनओसी, मग कोल्हापूर. शेठच्या एजंटनं आधी एनओसीचा अर्ज टाकून ठेवला होता, तो मी परत घ्यायला लावला. एजंट वाईट नसतात हो, घाईत असतात. त्यांचा हिशेब गाडीमागे, आपला रुपयामागे.

दुरुस्तीच्या अर्जाला आम्ही फॉर्म २२ ची प्रत, विक्री बिल आणि ‘हा चेसिस नंबर आमच्या चाकण कारखान्यात जोडला’ असं कंपनीचं पत्र लावलं. पत्र डीलरमार्फत मागवता येतं. आरसीची प्रत, ओळखपत्र आणि चेसिसचा फोटो दिला की पुरतं. आम्हाला पत्राला दोन आठवडे लागले आणि दुरुस्तीला सात. त्या ऑफिसात तीनदा जावं लागलं. दुसऱ्या खेपेला टेबलावरचे साहेब म्हणाले, “मर्सिडीज आहे, इम्पोर्टेडच असणार.” ऑफिसचं नाव घेत नाही. आम्ही वाद घातला नाही. लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि पोचेवर तारीख आणि शिक्का आहे का ते बघितलं. तोंडी बोलण्याची पोच मिळत नाही.

दुरुस्ती झाल्यावर पुन्हा पोर्टल उघडलं आणि ५,००० दिसल्यावरच एनओसीचा अर्ज टाकला. ‘झालं, अपडेट झालंय’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. पडद्यावर रक्कम बदललेली दिसली तरच दुरुस्ती झाली.

एनओसी आणि बारा महिन्यांचा घोळ

एनओसीचा अर्ज फॉर्म २८ वर, तीन प्रतींत, चेसिसच्या पेन्सिल छापासह. गाडीवरची सगळी चलनं आधी भरून टाका. बेंगळुरूच्या सिग्नलवरचं एखादं जुनं चलन अर्ज अडवून धरतं, आणि विकणारा म्हणतो ते माझं नव्हे. कायद्यात तीस दिवसांची मुदत आहे: तेवढ्यात ऑफिसनं काहीच कळवलं नाही तर एनओसी दिली असं धरलं जातं, मोटार वाहन कायद्याचं कलम ४८. पण संगणकात ती दिसत नसेल तर कलम छापून नेऊन उपयोग होत नाही, हे अनुभवाचे बोल.

निपाणी, चिकोडीकडची माणसं रोज कोल्हापुरात येतात. त्यांच्या गाड्या बघून आपल्याकडच्यांना वाटतं, केए पासिंग कायम चालतं. त्यांचं राहणंच तिकडं आहे, त्यांचं चालणारच. तुम्ही राहता राजारामपुरीत आणि गाडी केए, तर कलम ४७ प्रमाणे बारा महिन्यांच्या वर गाडी इथं ठेवली की इथला नंबर घ्यावा लागतो. आणि बारा महिने ही सवलत नंबरची आहे, मालकी बदलाची नाही. परराज्यातून गाडी विकत घेतली की विकणाऱ्यानं पंचेचाळीस दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत हस्तांतरण कळवायचं असतं. गाडी कधी आली याचा पुरावा लागला तर फास्टॅगचं स्टेटमेंट काढा. टोल ओलांडल्याची तारीख-वेळ त्यात असते. शेठच्या गाडीची तारीख आम्ही तशीच दाखवली.

कोल्हापुरातला अर्ज: नवीन नंबरासाठी फॉर्म २७, मालकीसाठी २९ आणि ३०, सोबत एनओसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा. फॉर्म २९ दोन प्रतींत लागतो आणि त्या दोन्ही प्रतींवर आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या आरसीवरच्या सहीसारख्या हव्यात. विकणाऱ्याकडून चार जादा प्रतींवर सह्या घेऊन ठेवा. सहीसाठी पुन्हा सहाशे किलोमीटर जाणारा माणूस मी पाहिलाय.

तपासणी: कागद आणि लोखंड जुळतं का

तपासणीच्या दिवशी इन्स्पेक्टर साहेब गाडी किती चकचकीत आहे हे बघत नाहीत. कागदावरचा नंबर आणि पत्र्यावरचा नंबर एकच आहे का, हे आधी बघतात. निम्म्या गाड्या इथंच परत येतात, कारण मालकालाच चेसिस नंबर कुठं आहे ते माहीत नसतं.

सी क्लासला तो पुढच्या सीटजवळ, जमिनीच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. कार्पेटला तिथं एक कापलेली चिरफाळी असते. ती उचलली की खाली धुळीचा थर, त्याखाली नंबर. शेठच्या गाडीत तिथं कुणाच्या तरी लेकराचं विरघळलेलं चॉकलेट चिकटलं होतं. मी रॉकेलचा बोळा फिरवला, कोरड्या फडक्यानं पुसलं, वर पांढरा खडू आडवा घासला आणि बोटानं जादाचा खडू झाडला. अक्षरं पाटीवर लिहिल्यासारखी उठून आली. मग टॉर्च सरळ वरून मारायचा नाही, आडवा मारायचा, म्हणजे ठोकलेल्या खाचांत सावली पडते. फोटो तसाच काढायचा. छापासाठी पातळ कागद आणि टू-बी पेन्सिल. ऑफिसातली कडक पेन्सिल छाप उठवत नाही.

मग अक्षर न् अक्षर आरसीशी लावून बघा. सतरा खुणांच्या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतातच. एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून ती मुद्दाम वगळलेली आहेत. आरसीत ‘ओ’ दिसला की तो शून्य आहे आणि टंकणाऱ्यानं चूक केलीय, डोळे झाकून सांगता येतं. हीही दुरुस्ती मूळ ऑफिसातच, एनओसीच्या आधी. शेठच्या आरसीत ही भानगड नव्हती, पण त्याच महिन्यात आलेल्या एका टोयोटा प्राडोत होती आणि त्या बिचाऱ्याची एनओसी निघून गेली होती.

इंजिन नंबर शोधायला सीआर-व्हीसारख्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथं बघा. तेलाचा थर खरवडावा लागतो आणि हात जात नाही तिथं दाढीचा छोटा आरसा उपयोगी पडतो. इंजिन बदललेलं असेल आणि नोंद नसेल तर तपासणीला जाऊच नका, आधी ते कागदावर आणा.

आणि आपल्या कोल्हापूरची खास अडचण: महापूर. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी ज्या पार्किंगमध्ये शिरलं, तिथल्या गाड्यांचे कार्पेटखालचे नंबर गंजले. वरून गाडी नवी दिसते, कार्पेट उचलला की लाल पोपडे. असा नंबर पुसट झाला असेल तर कुणा फॅब्रिकेटरकडून पंच मारून ‘उठवून’ घेऊ नका. ते नंबरात फेरफार केल्याच्या गुन्ह्यात जातं. ऑफिसला लेखी कळवायचं, साहेब खात्री करतात आणि त्यांच्या परवानगीनं नंबर पुन्हा ठोकला जातो. वेळ लागतो, पण गाडी चोरीची ठरत नाही.

नंबर जुळले की मग बाकीचं. आयात गाड्यांत हेडलाइट ही नेहमीची गोची. आपण डावीकडून चालतो, म्हणून डिपरचा झोत डावीकडे वर चढायला हवा. जपान, थायलंड, इंग्लंड डावीकडूनच चालतात, त्यामुळे तिथून आलेल्या मूळ लाइटला अडचण नाही. पण एखाद्यानं लाइट फुटल्यावर स्क्रॅप बाजारातून आखाती गाडीचा स्वस्तातला काढून बसवला असेल तर झोत उजवीकडे चढतो, समोरच्याच्या डोळ्यात. संध्याकाळी गाडी भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करून डिपर लावा. प्रकाशाची वरची कड कुठल्या बाजूला उचललीय ते दिसेल. अमेरिकी मागच्या दिव्यांत इंडिकेटर लाल असतात, आपल्याकडे ते पिवळेच हवेत. काचेवरची काळी फिल्म २०१२ पासून बंद आहे. ती घरीच काढा, तिथं ब्लेड मागत फिरू नका. रंग बदलला असेल, अगदी रॅप लावलं असेल, तर आरसीतला रंग बघा. आणि तो सायलेन्सर. रंकाळ्यावर लोकांनी वळून बघावं म्हणून बसवलेला असतो. तपासणीच्या मैदानावर साहेबही वळून बघतात.

गाडी खरंच आयात असेल तर

मग चाळीस हजार भरायचे. दुसरा रस्ता नाही. ‘आत बोलून टिक काढून देतो’ म्हणणारा भेटेल. ती टिक उद्या चेसिस बघून परत पडेल, आणि तेव्हा तो माणूस फोन उचलणार नाही. नोंदीत चुकून ‘इथली’ पडलेली सीआर-व्ही घेऊन खुशीत असलेले लोकही आहेत. परराज्यातून आणताना तपासणीत चेसिस ‘जे’ निघाला की फाइल थांबते आणि मागचा कर, फी सगळं उकरून निघतं. त्या सीएनजीवाल्याचं तेच झालं. किटही नोंदवलेलं नव्हतं, ते आणखी वेगळं.

खऱ्या आयात गाडीला वेळेचा हिशेब मात्र नीट करा. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या आधी साठ दिवसांपासून टाकता येतो. एकोणिसाव्या वर्षात गाडी ठेवायची की विकायची हे ठरवा, कारण वीस ओलांडले की ऐंशी हजार.

अधूनमधून कुणीतरी विचारतं, “दाजी दुबईला असतात, त्यांची गाडी येताना आणू का?” तिथली गाडी डाव्या स्टिअरिंगची. आयात धोरणात वापरलेल्या गाडीला उजवं स्टिअरिंग, किलोमीटरचा मीटर, डावीकडच्या रहदारीचे हेडलाइट लागतात, गाडी तीन वर्षांच्या आतली लागते आणि ती मुंबई बंदरातूनच यावी लागते. वर पुण्याची एआरएआय किंवा नगरची व्हीआरडीई अशा संस्थेची चाचणी. दाजींना सांगा, तिकडंच विका, येताना खजूर आणा.

आणि दसऱ्याला चौकात कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक गाडी बघून दरवर्षी कुणीतरी विचारतंच की तिला किती भरत असतील. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळे नियम आहेत: विंटेज म्हणून पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढच्या वेळी ५,०००, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची, रोज मंडईला न्यायची नाही. तुमच्या आजोबांची फियाट पन्नाशीला आली असेल तर याचा विचार करा. इंजिन डिझेलचं बसवून घेतलं असेल तर विसरा.

शेठच्या गाडीला नंबर दसऱ्यानंतर मिळाला, ऑक्टोबरात. नूतनीकरण पाच हजारांत झालं. नवीन नंबर पडल्यावर हाय सिक्युरिटी प्लेट नव्यानं लागते आणि जुनी काढून घेतात. विम्यात नवीन नंबर चढवून घ्या, नाहीतर क्लेमच्या दिवशी कंपनी म्हणेल ही गाडी आमच्याकडे नाही. नवीन आरसीची प्रत लावून तिकडचा उरलेला कर परत मागायचा अर्ज लगेच टाका. तो आम्ही टाकलाय, पैसे यायचेत. आणि जुना फास्टॅग बंद करून नवीन नंबरावर घ्या. शेठनी ते ठेवलं मागे, आणि परवा किणीच्या टोलवर त्यांची झिरो नाइन गाडी अजून केएच्या नावानं उघडली.